शिट्टीवाली आजी

१

वासंतीबाईंच्या घरामागचा पोहण्याचा हौद म्हणजे देऊळघाट रस्त्यावरच्या त्या नव्या वस्तीला मिळालेला थट्टेचा कायमचा विषय होता. नळाला पाणी आलं की जिथे गल्लीभर गलबला होतो, त्या बुलढाण्यात कुणी नुसतं डुंबायला पाणी साठवून ठेवतं, हेच लोकांना पटत नव्हतं. "मास्तरीनबाईच्या घरी समुद्र हाये," असं शेजारीपाजारी म्हणत आणि संध्याकाळी आपापली पोरं तिकडेच पाठवून देत. खरं तर तो विहिरीचं पाणी लिंबाच्या झाडांना द्यायला बांधलेला साधा हौद. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने, आल्हादने, एका दिवाळीत येऊन आईच्या नकाराला न जुमानता त्याला निळ्या फरश्या लावल्या, उतरायला पायऱ्या केल्या आणि तो परत पुण्याला निघून गेला. निस्तरायला राहिल्या वासंतीबाई.

त्यांनी ते निस्तरलं ते शाळा निस्तरल्यासारखंच. उभा जन्म मुख्याध्यापिका म्हणून काढलेला. हौदाभोवती जाळी आली, जाळीला फाटक आलं, फाटकाची कडी पोरांचा हात पोचणार नाही इतकी वर गेली. आणि शिट्टी आली. लाल नाडीतली, कवायतीच्या तासाची जुनी शिट्टी. पोरं पाण्यात असतील तोवर ती कुणातरी एका मोठ्या माणसाच्या गळ्यात असलीच पाहिजे. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याने पाण्यावरून नजर काढायची नाही. फोन नाही, पेपर नाही, चहा नाही. त्याच्याशी कुणी बोलायचंसुद्धा नाही. पाळी संपली की शिट्टी आपल्या हाताने पुढच्याच्या गळ्यात घालायची. पाण्यात उतरायचं आणि बाहेर यायचं ते शिट्टीवाल्याच्याच सांगण्यावरून. चौघे चार बाजूंनी ओरडायला लागले की पोरं गोंधळतात, म्हणून बाकी कुणाचं ऐकायचंच नाही.

या कडकपणाला कारण होतं. एका बारशाच्या घरी अंगण माणसांनी फुललेलं असताना शेजारच्या शेततळ्यात लेकरू गेलेलं त्यांनी नोकरीत असताना पाहिलं होतं. तिथे प्रत्येकाला वाटत होतं की दुसरं कुणीतरी बघत असेल. तेव्हापासून 'दुसरं कुणीतरी' या शब्दांवरच त्यांचा राग होता. लेक रेवतीची मुलगी गार्गी सुट्टीत आली की तो राग जरा जास्तच वाढायचा, कारण गार्गी पाच वर्षांची होती आणि पाणी दिसलं की तिला आईबाप, आजी, देव कुणीच आठवत नसे.

२

अधिक महिन्यातला रविवार होता. जावयाला धोंडे जेवायला बोलावलं होतं. जावई ऋत्विक एकटा येणार म्हणता म्हणता देऊळगाव राजाहून त्याची आई, मावश्या, चुलत्या, त्यांची पोरं असा सगळा गोतावळा दोन गाड्या भरून आला. इकडच्याही बाजूने नवऱ्याची, रमाकांतरावांची, अमडापूरची भावकी होतीच. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, अनारशांचं वाण, चांदीचा तांब्या, जावयाचे पाय धुणं, सवाष्णींच्या ओट्या, सगळं यथासांग झालं. जेवणं होऊन पंखे फुल करून माणसं खोल्याखोल्यांतून आडवी झाली. उन्हं जरा कलली तशी पोरांनी हौदासाठी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा वासंतीबाईंनी स्वतः नवऱ्याच्या गळ्यात शिट्टी घातली आणि त्या चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

चहा गाळून त्या पाळी बदलायला बाहेर आल्या, तर रमाकांतराव पडवीतल्या झोपाळ्यावर बसून अनारसा खात होते. गळा मोकळा.



"अहो, शिट्टी कुठं हाये?"

"देली ना त्या बाईले."

"कोणत्या बाईले?"

"अवं, थ्या नाई का, पाव्हन्यायतल्या. तिथंच उभ्या होत्या फाटकापाशी. तूच तं म्हनली, त्यायच्या गळ्यात घाला म्हनून."

"मी कधी म्हणली?"

"आता घ्या," रमाकांतराव अनारशाची खसखस झटकत म्हणाले. "चहा ठेवाले गेल्ती तवा खिडकीतून नाई वरडली?"

वासंतीबाईंना काही आठवेना. पण सकाळपासून त्या इतक्या जणांना इतकं काही ओरडून सांगत होत्या की त्यात हेही असू शकत होतं. त्या तशाच जाळीपाशी गेल्या.

कडुनिंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. त्यांच्याकडे पाठ. हिरवट रंगाचं पातळ, डोक्यावरून पदर, मानेवर लाल नाडी. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ, तोंड पाण्याकडे. पोरं पाण्यात होती. गार्गीच्या डोक्यावरची पिवळी रिबीन कडेच्या पायरीजवळ दिसत होती.

"चहा आणू का?" वासंतीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी वळून पाहिलं नाही. उजवा हात फक्त मांडीवरून जरासा उचलला, नको म्हणून, आणि परत ठेवला.

वासंतीबाईंना स्वतःचीच लाज वाटली. शिट्टीवाल्याशी बोलायचं नाही हा नियम आपला आणि तो मोडायलाही आपणच पहिल्या. इतक्या वर्षांत त्यांचा नियम असा तंतोतंत पाळणारं हे पहिलंच माणूस. रमाकांतराव तर पाळीवर असताना शेजाऱ्याशी कापसाच्या भावावर बोलत बसायचे. त्या समाधानाने माघारी वळल्या.

३

स्वयंपाकघरात विहीणबाई, म्हणजे सरस्वतीबाई, उरलेलं पुरण डब्यात भरत होत्या. पाहुण्या असल्या तरी हात स्वस्थ बसत नव्हता त्यांचा.

"तुमच्या त्या नणंद मोठ्या कडक हायेत बरं का," त्या कौतुकाने म्हणाल्या. "मघाशी लेकरायले पाहाले गेले, तं त्यायनं मान बी नाई वळवली. असं मानूस पाह्यजे पान्यापाशी. आमच्याकडच्या बायका नुसत्या बोलत बसतीन."

विहीणबाईंसमोर वासंतीबाई नेहमी शाळेतली मराठी काढत. "नणंद?" त्या म्हणाल्या. "हिरव्या पातळातल्या?"

"हाव, त्याच. अमडापूरच्या ना?"

त्या आपल्या नणंद नव्हेत, एवढं वासंतीबाईंना नक्की माहीत होतं. नणंदा दोन, आणि दोघी आत पंख्याखाली घोरत होत्या. पण मग या कोण, हे विचारायचं कसं? धोंड्याच्या दिवशी, जावयाच्या माणसांबद्दल, जावयाच्या आईला 'ही बाई तुमच्यातली ना, कोण ती?' असं विचारायचं म्हणजे आलेल्या सोयऱ्यांची मोजदाद केल्यासारखंच की. एवढ्याशा गोष्टीवरून रुसून गेलेल्या विहिणी त्यांनी पाहिल्या होत्या. पुढे दहा वर्षं रेवतीला ऐकावं लागलं असतं, तुझ्या माहेरी आमच्या माणसांना ओळखतसुद्धा नाहीत म्हणून.

आणि विहीणबाईंचीच गल्लत होत असेल. बाई त्यांच्याच नात्यातली असेल, लांबची. माणसं काय थोडी होती?

"हो हो," वासंतीबाई म्हणाल्या. "फार नेमाच्या आहेत त्या."

बोलून गेल्या आणि त्यांना उगाच कसंतरी झालं. जिला आपण ओळखत नाही तिची आपण आत्ता ग्वाही दिली, हे त्यांच्या लक्षात आलं. पण विहीणबाई पुरणाच्या डब्याचं झाकण दाबून बसवत होत्या आणि विषय संपला होता.

४

माजघरात रेवती साड्यांच्या घड्या घालत होती. मुलीला विचारायला काही हरकत नव्हती.

"रेवती, तुझ्या सासरच्या त्या हिरव्या पातळातल्या बाई कोण गं?"

"माझ्या सासरच्या?" रेवतीने घडी थांबवली. "आई, त्या आपल्याकडच्या आहेत ना? तूच तर सकाळी त्यायची ओटी भरली. मी आपली पाया पडली, म्हटलं असतीन बाबांच्या कोणी आत्याबित्या."

"मी ओटी भरली?"

"मग काय! कुंकू लावलं तू त्यायले. टिकून राहीना तर पदरानं कपाळ पुसून परत लावलं."

आणि वासंतीबाईंना आठवलं.

सवाष्णी रांगेने पाटावर बसत होत्या. त्या प्रत्येकीच्या कपाळाला बोट टेकवत पुढे सरकत होत्या. तोंडाने 'बसा, बसा' चाललं होतं, लक्ष गॅसवरच्या पुरणाकडे होतं. मधेच एका कपाळावर कुंकू ओघळलं होतं. बोट निसटलं होतं. कपाळ ओलं होतं, थंड. मे महिन्यात, पुरण शिजत असलेल्या घरात, थंड. घाम आहे असं समजून त्यांनी ते पुसलं होतं, परत कुंकू लावलं होतं आणि पुढच्या कपाळाकडे गेल्या होत्या. ते कपाळ त्यांना बोटाच्या टोकावर आत्ताही जाणवत होतं. चेहरा मात्र काही केल्या आठवेना. कपाळाच्या खाली काय होतं, ते आठवेनाच.

"तुझ्या सासूबाई म्हणतात, आपल्याकडच्या आहेत. बाबा म्हणतात, पाव्हण्यांतल्या आहेत," त्या सावकाश म्हणाल्या.

"मग असतीन कोणाच्या तरी," रेवती हसून म्हणाली. "एवढ्या लोकांत तू कोणाकोणाचा पत्ता लावशीन? बघतात ना पोरांकडे? मग झालं."

'कोणाच्या तरी' हे शब्द वासंतीबाईंना आवडले नाहीत. आणि त्याच वेळी त्यांना आणखी एक गोष्ट खटकली. हौदावरून पोरांचा आवाज येत नव्हता.

घरातल्या बाकीच्यांना ती शांतता गोड वाटत असावी. कुणीतरी कूस बदललं, कुणी जांभई दिली. वासंतीबाई तशाच निघाल्या. धावत नव्हत्या. घरात पाहुणे असताना यजमानीण धावली तर दहा माणसं उठून बसतात, एवढं भान त्यांना अजून होतं.

५

सगळी पोरं पाण्यात उभी होती.

खेळत नव्हती, पोहत नव्हती. पाय खाली, अंग सरळ, आणि डोकं मागे टाकलेलं. तोंडं उघडी, पाण्याच्या अगदी पातळीला. ओले केस डोळ्यांवर आलेले आणि कुणीच ते बाजूला सारत नव्हतं. दोन्ही हात पाण्याखाली बाजूला पसरलेले, हळूहळू खाली दाबल्यासारखे हलत होते. डोळे उघडे, कशाकडेच न बघणारे. पाणी फरश्यांवर हलकेच आपटत होतं, तेवढाच आवाज.

हे चित्र वासंतीबाईंना माहीत होतं. शाळेत प्रशिक्षण द्यायला आलेल्या एका डॉक्टरांनी ते फळ्यावर काढून दाखवलं होतं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि श्वास घेण्यातच त्याचा सगळा जीव गुंतलेला असतो. ते उभंच्या उभं, वर तोंड करून, अगदी मुकाट बुडतं. शेजारी उभ्या असलेल्याला वाटतं, पोर पाण्यात मजेत आहे. त्या दिवसापासून वासंतीबाई पोरांच्या दंग्याला कधी रागावल्या नव्हत्या. हौदावर त्यांना कलकलाट हवा असे.

"गार्गी!"

पिवळी रिबीन हलली. गार्गीने डोकं सरळ केलं, तोंडातलं पाणी फुर्रकन उडवलं आणि पाय आपटला.

"आजी! बोलवलं काऊन मले? हरली ना मी!"

वासंतीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी जाळीला धरून श्वास घेतला. बाकीची पोरं मात्र तशीच होती.

"काय चाललंय हे?"

"गुपचूप," गार्गी म्हणाली. "जो आवाज करते तो हरते. जो हलते तो बी हरते. कोणाले समजलंच नाई पाह्यजे."

"काय समजलं नाही पाहिजे?"

गार्गीने खांदे उडवले. तेवढं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"कुणी शिकवलं तुम्हाले हे?"

"शिट्टीवाल्या आजीनं."

वासंतीबाईंनी कडुनिंबाखाली पाहिलं. हिरवं पातळ, ताठ पाठ, हात मांडीवर. इतक्या बोलण्यानेही मान तसूभर वळली नव्हती. मघाशी ज्याचं त्यांना कौतुक वाटलं होतं, तेच आता अंगावर काटा आणत होतं.

"चला, सगळ्यांनी बाहेर या," त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. या आवाजाला कधी कुणी नाही म्हटलेलं नव्हतं.

एकही पोर हललं नाही.

"तू शिट्टीवाली नाई ना आता," गार्गी समजुतीच्या सुरात म्हणाली. "तूच तं सांगतलं, शिट्टीवाल्याचंच ऐकायचं." आणि तिने डोकं मागे टाकलं. केस डोळ्यांवर आले. तोंड उघडलं. हात पसरले.

६

त्यांनी फाटकाची कडी काढली. पोरांना बोलावायचं तर शिट्टी हवी होती. त्यांचाच नियम. सरळ पाण्यात उडी मारून एकेकाला ओढता आलं असतं, हे त्यांना त्या रात्री कितीदा तरी सुचलं. त्या वेळी मात्र त्यांना फक्त एवढंच सुचलं, की पाळी रीतसर बदलावी.

त्या खुर्चीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"द्या," त्या म्हणाल्या. "माझी पाळी."

बाई हलली नाही. इतक्या जवळून विहिरीतल्या शेवाळाचा वास येत होता. पदर डोक्याला चिकटला होता. कोरड्यात बसून पदर ओला कसा, असा प्रश्न वासंतीबाईंच्या मनात आला. आणि लगेच उत्तरही आलं, पोरांनी उडवलं असेल पाणी. त्यांचं डोकं अजूनही असं चाललं होतं, दर गोष्टीला कारण शोधत.

त्या खुर्चीला वळसा घालून पुढे आल्या.

बाईची हनुवटी वर होती. डोकं मागे टाकलेलं. ओले केस डोळ्यांवर आलेले, बाजूला न सारलेले. तोंड उघडं. मांडीवरचे दोन्ही हात हळूहळू, अगदी हळूहळू खाली दाबले जात होते. कपाळावर ओघळलेलं कुंकू होतं, वासंतीबाईंनीच लावलेलं. ती कडुनिंबाखाली कोरड्या फरशीवर, चारचौघांसारखी खुर्चीत बसली होती, आणि बुडत होती.

मग तिचे ओठ मिटले. कशाची तरी पातळी ओठांवर चढावी, तसे. मग नाक वर झालं.

वासंतीबाईंना पुढचं दिसलं नाही, किंवा त्यांनी पाहिलं नाही. त्या पाण्याकडे वळल्या. सगळी डोकी मागे, सगळी तोंडं उघडी. यांतलं कोण खेळतंय आणि कोण नाही? पिवळ्या रिबिनीखालचे ओठ पाण्याखाली गेले, वर आले, परत गेले. खेळात असंच करायचं होतं का? गार्गी आत्ता तर हसत होती. पण आत्ता म्हणजे कधी?

त्यांनी लुगड्यासकट उडी मारली.

७

पुढे जो गलका झाला त्याने अख्खी वस्ती जागी झाली. ऋत्विक शर्टसकट पाण्यात उतरला, रमाकांतराव पायरीवर घसरून बसले, बायका जाळीला धरून किंचाळल्या. सगळी पोरं बाहेर आली. एकालाही काही झालेलं नव्हतं. उलट खेळ मोडला म्हणून ती नाराज होती. आजीच्या कडेवर घट्ट धरलेली गार्गी 'सोड ना, दुखते' म्हणून रडत होती, आणि ते रडणं वासंतीबाईंना इतकं गोड लागत होतं की त्या तिला सोडायलाच तयार नव्हत्या.

"तुले झालं काय?" रमाकांतराव म्हणाले. "शिट्टी वाजवायची ना! तुह्याच तं गळ्यात हाये."

वासंतीबाईंनी खाली पाहिलं. लाल नाडी त्यांच्याच गळ्यात होती, ओली, पदराखाली अडकलेली.

"मी कुठं घेतली? त्या बाई..."

सगळ्यांनी कडुनिंबाकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"आत गेल्या असतीन तुमच्या नणंद," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तुमी पाळी घेतल्यावर काय काम त्यायचं?"

"आमच्या नणंद नव्हत्या त्या," वासंतीबाई पहिल्यांदाच स्पष्ट बोलल्या. "आमच्यातल्या नव्हत्याच."

सरस्वतीबाईंचा चेहरा बदलला. "म्हंजे? आमच्यातल्या होत्या म्हनता?"

ऋत्विक आईकडे बघू लागला, रेवती नवऱ्याकडे. रमाकांतरावांनी घसा साफ करून 'चहा घ्या, चहा गार होऊन राह्यला' असं म्हटलं, आणि तेवढ्यावर सगळे सुटल्यासारखे आत गेले. पाहुण्यांच्या गाड्या निघेपर्यंत त्या बाईचं नाव कुणी काढलं नाही. दोन्ही गाड्यांना वाटलं असेल, ती दुसऱ्या गाडीत बसली.

रेवती आणि गार्गी चार दिवस राहणार होत्या. वासंतीबाईंनी त्याच संध्याकाळी मोटर लावून हौदाचं सगळं पाणी लिंबांना सोडलं. रमाकांतराव 'ऐन उन्हाळ्यात एवढं पानी' म्हणून हळहळले. शेवटचं पाणी गुरगुरत गेलं आणि निळ्या फरश्यांचा कोरडा खड्डा उरला, तेव्हा त्यांना बरं वाटलं. पाणीच नाही तर भीती कसली? दिवसभराचा उपास, ऊन, माणसांचा गोंधळ, वय. कुणाची तरी लांबची बहीण, दम्याची वगैरे असेल, श्वास लागला असेल तिला. असं एकेक कारण त्यांनी जुळवत आणलं. सगळी जुळली, फक्त शिट्टी आपल्या गळ्यात कुणी घातली याचं काही जुळेना.

८

सकाळी रेवती स्वयंपाकघरात दूध तापवत होती. "आई, गार्गीले उठव गं," तिने हाक मारली. "झोपेचं सोंग घेऊन पडली आहे. कालपासून हेच चालू आहे तिचं."

खोलीत खिडकीतून स्वच्छ ऊन आलं होतं. गार्गी गादीवर उताणी होती. हनुवटी वर, उशी खाली सरकलेली. केस डोळ्यांवर आले होते. तोंड उघडं. दोन्ही हात चादरीवर पसरलेले, हळूहळू खाली दाबले जात होते.

"गार्गी, पुरे बाळा. उठ."

उत्तर आलं नाही. उत्तर दिलं तर हरायचं असतं, हे वासंतीबाईंना माहीत होतं. त्या काठावर बसल्या. हसू यावं म्हणून तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. पाऊल थंड होतं. हललं नाही.

"हरली तू. मी सांगते, हरली. उठ आता."

केसांमागचे डोळे उघडे होते आणि आजीकडे बघत नव्हते. खेळत असेल. नक्की खेळत असेल. आपण काल जसा तमाशा केला तसा आज परत केला तर पोर आयुष्यभर घाबरेल. वासंतीबाई स्वतःला हे समजावत होत्या, तोच गार्गीचे ओठ मिटले. मग नाकपुड्या वर झाल्या. खोलीत पाण्याचा थेंब नव्हता.

वासंतीबाईंनी तिला काखेत हात घालून उचललं. नुसतं छातीशी धरलं नाही. दोन्ही हात ताठ करून डोक्याच्या वर धरलं, खोल पाण्यात उभं राहून लेकराला वर धरावं तसं. का, ते त्यांनाही कळलं नाही. वर गेल्याबरोबर गार्गी खोकली. मोठा श्वास घेतला. पाय झाडले. मग खाली बघून हसायला लागली.

"आजी! तू बी?"

वासंतीबाईंना रेवतीला हाक मारायची होती. त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. छातीशी काहीतरी गार चढत होतं, गळ्याशी आलं होतं. हाक मारायची तर श्वास हवा होता, आणि श्वास घ्यायचा तर हनुवटी वर करावी लागत होती. त्यांनी ती वर केली. केस सुटून डोळ्यांवर आले. ते बाजूला सारायला हात मोकळा नव्हता, आणि हात खाली घ्यायचा नव्हता. काही झालं तरी घ्यायचा नव्हता.

"आजी, हलायचं नाई हं," वरून गार्गी खुशीत म्हणाली. "आवाज बी नाई करायचा."

रेवती दारात आली. हातात सांडशी होती. आजीने नातीला डोक्यावर उचललेलं, नात हसते आहे, आजी वर तोंड करून गप्प उभी आहे, असं तिला दिसलं. क्षणभर ती बघत राहिली. मग तीही हसली, आणि दूध उतू जाईल म्हणून परत गेली.